सापडलेल्या माणसांची वही

धुळ्याच्या तहसील आवारात निंबाखाली मुद्रांक विकणाऱ्या अमृतलालशेठचं टेबल आहे आणि त्याला खेटून तोताराम आबांचं. शेठच्या टेबलावर परवान्याची पाटी आहे. आबांच्या टेबलावर तसलं काहीच नाही. एक भिंग, एक जुना मोबाइल, पाण्याची बाटली आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही. तरी दिवसभरात शेठपेक्षा जास्त माणसं आबांना विचारत येतात. शेठ यावर रोज एकदा तरी कुरकुर करतात आणि रोज आबांना चहा पाजतात.

आबांनी चौतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये शिपाई म्हणून काढली. लाल कापडात बांधलेले कागदांचे रुमाल फडताळातून काढायचे, साहेबांपुढे सोडायचे, काम झालं की पुन्हा गाठ मारून जागेवर ठेवायचे. साहेब येत-जात राहिले. आबा आणि धूळ तेवढी कायम होती. त्या धुळीनं त्यांना दमा दिला तशी एक विद्याही दिली. कुठलं माणूस कुठल्या कागदात दडलेलं असेल, हे त्यांना बसल्या जागी सांगता येतं. जन्म-मृत्यूचं रजिस्टर, शाळेचं दाखल-खारीज, सातबारा, फेरफार, मतदार यादी. मोडी ते एका म्हाताऱ्या कारकुनाच्या बाजूला उभे राहून वाचायला शिकले. कोणाला पणजोबाची नोंद हवी असते, कोणाला सुरतेकडे गेलेला चुलता, कोणाला वाटणीच्या वेळी हरवलेली आत्या. आबा शोधून देतात. त्याबद्दल कोणाकडून काही घेत नाहीत, फक्त माणूस सापडलं की वहीत नोंद करतात: नाव, कुठल्या कागदात सापडलं, फोन मिळाला तर फोन, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईनं ‘सापडला’ किंवा ‘सापडली’.

या लाल शाईची त्यांना भारी घमेंड होती. ती होती हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

‘माणसाच्या तोंडाचं काय घेऊन बसलात, कागद दाखवा,’ असं ते आलेल्या प्रत्येकाला सुनवायचे. समोरचा बोलत असला तरी आबांची नजर त्याच्या हातातल्या कागदावर असायची. त्यांचं ऐकू येणं काही कमी नव्हतं. ते ऐकतच नसत.

तो माणूस सोमवारी आला. पस्तिशीचा, निळा चौकड्यांचा शर्ट, बोलणं मऊ, बसायच्या आधी पाया पडला. नाव हितेंद्र सांगितलं. पिंपळनेरजवळच्या खेड्यातला. बहीण आठ वर्षांपूर्वी सासरहून पोरीला घेऊन निघून गेली, म्हणाला. सासरचे वाईट होते, आणि आम्हीही तेव्हा तिला चार शब्द सुनावले, म्हणून ती माहेरीही आली नाही.

“आई अंथरुणाला खिळली आहे, आबा. दिवसरात्र एकच धोशा. दिपमालाला आणा, दिपमालाचं तोंड दाखवा. आमची दिपमाला कुठं असेल हो?”

एवढं बोलून तो रडला. खरंखुरं पाणी डोळ्यांतून आलं. अमृतलालशेठनी मान फिरवली, कारण त्यांना कोणी रडलेलं बघवत नाही. आबा मात्र त्यानं पुढं केलेली लग्नपत्रिका वाचत होते. वराकडे चि. प्रेमराज. वधूकडे चि. सौ. कां. रूपा, पुना यांची ज्येष्ठ कन्या.

“माहेरचं नाव रूपा तर,” आबा म्हणाले. “आणि दिपमाला लग्नातलं.”

“हो, तेच.”

आबांच्या डोळ्यांत चमक आली. सासरी नवरीचं नाव बदलतात, तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव काढतात, आणि त्या दिवसापासून एका बाईच्या कागदात दोन बाया होतात. पोलिसांना, वकिलांना हे सुचत नाही. ते एकीलाच शोधत बसतात. आबांना दुसरी ठाऊक असते.

“एकच विनंती,” तो उठताना म्हणाला. “गावात कोणाला विचारू नका. आधीच बदनामी झाली आहे.”

हे तर आबांच्या पथ्यावरच पडलं. गावात विचारायचं म्हणजे बोभाटा, आणि बोभाटा करून माणूस शोधण्यात काय कसब? त्यांनी रूपाच्या शाळेत ओळखीच्या मास्तरांना फोन लावला, कारण न सांगता दाखल-खारीजच्या पानाचा फोटो मागवला आणि जन्मतारीख मिळवली. मग मतदार याद्या. दिपमाला प्रेमराज हे नाव साक्री तालुक्याच्या जुन्या यादीत होतं, पुढच्या यादीत वगळलेलं. धुळे जिल्हा झाला, मग जळगाव जिल्हा. तीन दिवस आबा मोबाइलच्या पडद्यावर भिंग धरून एकेक यादी खाली सरकवत होते. डोळे चुरचुरले, दम लागला, पण सोडलं नाही. बुधवारी दुपारी पाचोऱ्याच्या एका यादीत नाव सापडलं. रूपा पुना, वय बत्तीस. पतीच्या नावाच्या जागी वडिलांचं नाव. त्याच घर क्रमांकावर आणखी एकच म्हातारी, बहुधा घरमालकीण. नाव नव्यानं चढलेलं, याच वर्षीचं.

“सापडली!” आबा एवढ्यानं ओरडले की झाडाखालचं कुत्रं उठून गेलं.

गुरुवारी पावणेअकराला त्यांनी त्याला पत्ता लिहून दिला. भाग, गल्ली, घर क्रमांक. त्यानं पुन्हा पाय धरले, कागद घडी करून खिशात घातला.

“अरे, आईला फोन तर कर. सांग तिला, सापडली म्हणून.”

“आता थेट घेऊनच जातो, आबा.”

काळी मोटारसायकल फाटकातून बाहेर गेली. आबांनी वही उघडली आणि एकशे चौसष्टावी नोंद केली. लाल शाईत ‘सापडली’ लिहिताना त्यांचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालला, जरा गिरवूनच लिहिलं त्यांनी.

पावणेएकला जेवणाचा डबा सोडतात न सोडतात तोच फोन वाजला. पलीकडे एक तरुण आवाज.

“आबा, प्रतिभावहिनींनी पापड पाठवले आहेत. स्टँडवर येऊन घेता का?”

“कोण प्रतिभा?”

“अहो, प्रतिभावहिनी!”

“राँग नंबर,” आबा म्हणाले आणि फोन ठेवू लागले.

“आबा, मी शिरपूरहून! तुमच्या जावयांचा धाकटा भाऊ. वहिनी, म्हणजे तुमचीच मुलगी!”

आबांना हसू आलं. त्यांची नलू. तिचं सासरचं नाव प्रतिभा आहे, हे त्यांना माहीत होतं. लग्नात तेच तांदळाच्या ताटाशेजारी बसले होते. पण चौदा वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडी एकदाही आलं नव्हतं. सासरच्या नावानं मुलीला हाक मारायची म्हणजे काय, जीभच वळत नाही. नलूची आई, भाऊ, शेजारचे, सगळे नलूच म्हणतात.

भाकरीचा घास हातात तसाच राहिला.

आमची दिपमाला, तो म्हणत होता. आई दिपमालाचा धोशा घेऊन बसली आहे. एकदाही रूपा म्हणाला नाही. रूपा फक्त पत्रिकेत होतं, आणि तेही आबांनीच वाचलं.

“शेठ,” आबा म्हणाले, “सख्खा भाऊ बहिणीला सासरच्या नावानं हाक मारतो का हो?”

अमृतलालशेठ मुद्रांकावर सही घेत होते. “आमच्या बहिणीला, राजकुंवरला सासरी काय म्हणतात ते मला आठवतसुद्धा नाही,” ते म्हणाले, आणि मग त्यांनीही पेन खाली ठेवलं.

आबांनी रूपाच्या माहेरगावच्या कोतवाल भिकुबाईंचा नंबर काढला. हाच फोन सोमवारी करता आला असता.

“भिकुबाई, पुनाना मोठा पोऱ्या काय करस?”

“कोना पोऱ्या? पुनाले पोऱ्या कोठे शे, आबा? दोन पोरीच शेतस. रूपा मोठी, धाकलीले नाशिकले दिन्ही शे.”

“आनि तिन्ही माय? आजारी शे ना?”

“माय जाईसन पाच वरीस व्हयनात. काय ईचारी ऱ्हायनात तुम्ही?”

आबांनी डोळे मिटले. “रूपाना नवरा कसा शे?”

“त्या प्रेमराजनी तिले विहीरमा ढकली दिन्ही व्हती, आबा. मोटारना पाइप धरीसन वाचनी ती. तठून पोरले लिसन जी गयी, ती कोठे शे हाई तिना बापलेबी म्हाईत नही. बठ्ठा गावले म्हाईत शे हाई. कोनलेबी ईचारं ऱ्हातं ते सांगं ऱ्हातं.”

बठ्ठा गावले. साऱ्या गावाला माहीत, आणि चौतीस वर्षं कागद हाताळलेल्या तोतारामला नाही. आठ वर्षं बाप शोधू शकला नाही, नवरा शोधू शकला नाही, आणि आपण तीन दिवसांत भिंग लावून काढली आणि घडी करून त्याच्या हातात दिली.

पारोळा, भडगाव करत मोटारसायकलला पाचोरा गाठायला अडीच तास. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. म्हणजे जेमतेम दहा मिनिटं.

त्यांनी पोलिसांचा एकशे बारा लावला. तिकडच्या बाईंनी सगळं शांतपणे लिहून घेतलं, पाचोऱ्याला कळवते म्हणाल्या. पण गाडी निघायला, गल्ली सापडायला वेळ लागणार, हे आबांना कळत होतं. गल्लीत आत्ता, या घडीला कोण असेल? ते पुन्हा मतदार यादीवरच आले. प्रत्येक भागाला एक बीएलओ असतो, यादीचं काम बघणारा, आणि त्याचं नाव-नंबर लोकांसाठीच दिलेला असतो. या भागाला नूतनताई म्हणून अंगणवाडी सेविका होत्या. पहिला फोन वाजून बंद झाला. दुसराही. तिसऱ्याला मागे पोरांचा गलका ऐकू आला.

“हॅलो, कोण?”

“मी धुळ्याहून तोताराम बोलतो, ताई. तुमच्या यादीत रूपा पुना म्हणून एक...”

“अशी कोणी इथं राहत नाही.”

“पण यादीत नाव आहे.”

“यादीत असेल. इथं नाही. तुम्ही कोण तिचे? एकट्या बाईची चौकशी कशाला हवी तुम्हाला?”

आबांच्या कानाखाली जाळ निघाला. जो प्रश्न त्यांना चार दिवसांत सुचला नव्हता, तो या बाईनं पहिल्या झटक्यात विचारला होता.

“बरोबर आहे, ताई. मला काहीच सांगू नका. माझ्यावर विश्वासही ठेवू नका. नुसतं ऐका. तिचा नवरा प्रेमराज, निळा चौकडीचा शर्ट, काळी मोटारसायकल, पाचोऱ्यात शिरत असेल. त्याच्या खिशात तिचा घर क्रमांक आहे.” आबांनी पुढचंही सांगून टाकलं. “तो मी दिला.”

फोन कट झाला. नंतर लावला तेव्हा बंद होता.

ऐकलं की नाही? निघाली की नाही? की पुन्हा खिचडी वाढायला लागली, कोणी म्हातारा काहीतरी बरळला म्हणून? आबांना काही कळायला मार्ग नव्हता. ते उठले, बसले, पुन्हा उठले. अमृतलालशेठनी गेल्या तीस वर्षांत कचेरीच्या वेळेत टेबल कधी बंद केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. जुनी गाडी काढली, आबांना दार उघडून आत बसवलं आणि स्वतः चालवायला बसले. एरवी वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यावर तोंड सोडणारे शेठ आज खड्डे न चुकवता गाडी हाणत होते. आबा मांडीवर निळी वही धरून बसले होते. ती कशाला घेतली, त्यांनाही सांगता आलं नसतं. भडगावच्या पुढं ट्रॅक्टरांची रांग लागली तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हणाले, यादीतला घर क्रमांक चुकीचा निघू दे.

सव्वातीनला ते गल्लीच्या तोंडाशी पोचले. काळी मोटारसायकल तिथंच उभी होती.

शेठनी आबांचा दंड धरला. गल्लीत सात-आठ घरांच्या दारांत बाया उभ्या होत्या, कोणी लाटणं हातात घेऊन, कोणी तान्हं काखेत घेऊन. सगळ्यांचं लक्ष एकाच ओट्यावर होतं. कुलूप लावलेल्या दाराच्या पायरीवर निळ्या शर्टातला तो बसला होता.

“आबा!” तो उठून उभा राहिला. आवाज तसाच मऊ. “तुम्ही आलात ते बरं झालं. दोन तास या बायांनी मला फिरवलं. ही म्हणते स्टेशनपलीकडे, ती म्हणते मागची गल्ली. शेवटी दारावरचा क्रमांक मीच बघितला. तुमचा पत्ता अगदी बरोबर होता.”

आबांनी खिडकीतून आत बघितलं. घर कसलं, एक खोली. गॅसवर कुकर. भिंतीशी शाळेचं दप्तर. जमिनीवर अर्धी खाल्लेली दोन ताटं. रक्त नव्हतं, सांडलवंड नव्हती. आबा खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले आणि सगळ्या गल्लीसमोर हुंदका देऊन रडले.

पोलिसांची गाडी त्याच सुमारास आली. ते पावणेदोनलाही येऊन गेले होते, तेव्हा तो मागच्या गल्लीत भटकत होता. आता बायांनीच पुन्हा बोलावलं. त्यानं सरळ आबांकडं बोट केलं. “माझी बायको आहे, न्यायला आलो. या आबांनीच पत्ता काढून दिला. विचारा त्यांना.”

हवालदारानं आबांकडं बघितलं. बायांनीही बघितलं, आणि ती नजर आबांना हवालदाराच्या नजरेपेक्षा जड गेली.

“दिला,” आबा म्हणाले. “भाऊ आहे म्हणाला. आई मरायला टेकली आहे म्हणाला. नाव हितेंद्र सांगितलं. तिची आई पाच वर्षांपूर्वीच गेली आहे. मी लिहून देतो, सही करतो, म्हणाल तिथं येऊन उभा राहतो.”

ओट्यावर बसून त्यांनी दोन पानं लिहिली. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून लाखो कागद गेले असतील, पण स्वतःविरुद्ध लिहिलेला हा पहिलाच. गाडीत बसताना प्रेमराज वळून हसला.

“जाईल कुठं, आबा? कुठं तरी नाव लावावंच लागेल तिला. पोरीची शाळा आहे.”

गाडी गेली. मग एक ठेंगणी बाई आबांसमोर येऊन उभी राहिली.

“सकाळचा फोन तुमचा?”

“दुपारचा,” आबा म्हणाले. कागदाची सवय, तीही अशा वेळी. “नूतनताई तुम्ही?”

“पोरांना मदतनीसकडे सोपवून धावत आले. ती जेवायला बसली होती. कुकरखालचा गॅस मी बंद केला. दहा मिनिटांत मायलेकी निघाल्या, दप्तरसुद्धा राहिलं.”

“कुठं गेल्या?”

शब्द तोंडातून निघून गेले आणि मग आबांना कळलं आपण काय विचारलं. आबांनी दोन्ही हात जोडले.

“दोन वर्षं मी तिच्या मागे होते, नाव लाव म्हणून,” नूतनताई म्हणाल्या. “नको म्हणायची. मी म्हटलं, अगं तूही माणूस आहेस, यादीत दिसायला नको का? कार्ड आलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले हो तिनं. आज जाताना तेच कार्ड माझ्या हातात दिलं. ताई, नाव काढून टाका म्हणाली.”

त्यांच्या हातात ते कार्ड होतं. फोटोत एक बाई जराशी हसत होती. आबांनी तिला तीन दिवस शोधलं होतं, आणि तिचा चेहरा ते आत्ता पहिल्यांदा बघत होते.

आबा अजूनही निंबाखाली बसतात. पण आता भिंग खिशातून बाहेर काढायच्या आधी ते समोरच्याच्या तोंडाकडं बघतात, त्याच्या गावात दोन फोन करतात, आणि सांगतात, माणूस सापडलं तर आधी त्याला विचारीन, ते हो म्हणालं तरच तुम्हाला कळवीन. निम्मे लोक रागावून उठून जातात. शेठना आता कुरकुरायला कारण राहिलेलं नाही, पण त्यांना त्याचं सुख नाही.

एकशे चौसष्टाव्या नोंदीतली लाल शाई आबांनी खोडली आहे. आणि वहीच्या पहिल्या पानापासून, ज्यांचा फोन लिहिलेला आहे त्या एकेकाला ते फोन लावतात. मी धुळ्याचा तोताराम, तुम्ही बरे आहात ना, एवढंच विचारतात. पुष्कळ जण आनंदानं बोलतात, कोणी पोराच्या लग्नाला बोलावतात. आतापर्यंत शहात्तर नोंदी झाल्या.

सत्त्याहत्तरावी नोंद एका बाईची आहे. शोधायला आलेल्यानं आपण तिचा काका असल्याचं सांगितलं होतं. तो नंबर लागत नाही. आबा रोज सकाळी अकराला तो लावून बघतात.